बेचाळीस टक्के

दापोली डेपोत कॅश भरून मशीन जमा केलं
तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.
हर्णैच्या पुळणीवरचा लिलाव कधीच उठला असणार,
टोपल्या धुऊन पालथ्या,
उरलेसुरले बांगडे ओळखीच्या हातांनी उचललेले.
आणि असते तरी साफ कोण करणार, बुधवारी, रात्री,
दिवसभर वळणं उभ्यानं घेतलेल्या पायांवर?

म्हणून स्टँडसमोरच्या नव्या मार्टात शिरले.
काचेच्या पेटीत, वाटाणे आणि पराठ्यांच्या मधोमध
ते खोकं होतं. फिश केक, दहा नग,
एकशे एकोणतीस खोडून नव्याण्णव.
उलटं केलं. बारीक अक्षरं वाचायची मला सवयच आहे, तिकिटांमुळं:
मासा बेचाळीस टक्के.
बाकी बटाटा, पावाचा चुरा, स्टार्च, मीठ,
आणि दोन नुसतेच आकडे, ज्यांना नाव नव्हतं.
बांधणी वेरावळची.

खोकं पिशवीत तळाला, वर कोथिंबीर,
त्यावर जुईची नवी चित्रकलेची वही.
खारव्याच्या घरात माशाचं खोकं!
बोटीवर पाण्याची बाटली विकत न्यावी तर लागतेच,
पण हे वेगळं. हे कोणी बघू नये असं.
शेवटच्या गाडीत उषा पावसे नेमकी शेजारी,
मांडीवर रिकामी टोपली.
"काय घेतलंस?"
"वाटाणे."
आसूदच्या उतारापर्यंत पिशवी पाझरायला लागली,
गार थेंब तिच्या पावलावर, एक, मग आणखी एक.
तिनं पाऊल नुसतं बाजूला घेतलं.
बर्फाचं पाणी कसलं असतं
हे उषाला मी काय सांगणार.

वितळू देऊ नका, खोक्यावर लिहिलं होतं.
ते आधीच झालं होतं.
पहिली तव्यावर फुटली, ती मी उभ्याउभ्याच खाल्ली,
जीभ भाजली, चव कळलीच नाही.
दुसरीपासून जमलं. बाजूंना तपकिरी जाळी धरली,
घरात वास आला, अर्धा आमचा, अर्धा कुठल्यातरी हॉटेलचा.
"केक आहे तर क्रीम कुठंय?" जुई म्हणाली,
आणि सॉस ओतून तिनं प्रश्न मिटवला.

सासऱ्यांनी चष्मा काढून ठेवला.
चाळीस वर्षं तांडेलकी केलेला माणूस,
घास तोंडात फिरवत काटा शोधत राहिला.
नाही सापडला तेव्हा चेहरा असा,
जसा कोणी बसायला पाट न देता वाढलं.
मग थांबले.
"राणी," म्हणाले.
"काय?"
"राणी मासा हाय. बटाट्यात लपवलाय.
आम्ही पाट्याच्या पाट्या कुटीला द्यायचो, खताला.
कोण खात नव्हता."
मी कानकोंडी. वाटलं, आता ताट सरकवणार.
सरकवलं, माझ्याकडं.
"अजून एक घाल. आणि सोलाची चटणी असली तर बघ."

पावणेदहाला हरेशचा फोन.
सहा दिवस झाले बोट बाहेर,
किल्ल्याच्या अंगाला आली की दोन कांड्या रेंज मिळते,
तेवढ्यात सगळं बोलायचं.
"जेवलात?"
"हो. मासे."
"कुठले? भाव काय?"
"राणी," म्हटलं. भाव नाही सांगितला.
इंजिनाची धडधड, कोणाचीतरी हाक, मग त्याचं हसू:
"राणी तर हितं पडलेय, अर्धा खण भरून.
परवा वेरावळची गाडी येतेय तिला न्यायला.
तुझ्याकडं कशी काय पोचली आधीच?"

उत्तर जुळवेपर्यंत रेंज गेली.

दोन उरल्यात.
डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यात,
खोकं चपटं करून बंबाच्या लाकडांत सारलंय.
सकाळी पहिल्या फेरीला जाताना
उषाच्या दारावरून जावं लागतं.
एक तिला द्यावी म्हणते.
वाटाणे म्हणूनच.